वजनाचं खापर इन्सुलिनवर किती फोडायचं?

महाराष्ट्रात इन्सुलिन हा शब्द मधुमेहाच्या दवाखान्यातून निघून थेट जेवणाच्या ताटापर्यंत आला तो दोन वेळा जेवण्याच्या मोहिमेमुळे. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव व्याख्यानं देऊन लोकांपर्यंत नेला. दिवसातून दोनदाच जेवा, एकेक जेवण ५५ मिनिटांत उरका, मधे काही तोंडात टाकू नका. कारण काय, तर खाल्लं की इन्सुलिन स्रवतं आणि इन्सुलिन वर असेपर्यंत चरबी जळत नाही. २०१८ च्या सुमारास घराघरांत दोन पक्षच पडले होते. एक दीक्षितांचा आणि दुसरा आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा, म्हणजे थोडं थोडं पण दर दोन-तीन तासांनी खा म्हणणाऱ्यांचा. लग्नाच्या पंगतीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर यावरून चांगल्या शिकलेल्या माणसांनी एकमेकांची अक्कल काढलेली आहे.

गंमत अशी की वजन उतरलेली माणसं दोन्हीकडे होती. सल्ले अगदी उलट आणि काटा दोन्हीकडे खाली! मग दिवसात इन्सुलिन किती वेळा स्रवलं यावरच सगळं ठरत असेल, ही गोष्ट तिथेच जरा संशयास्पद वाटायला हवी होती. तरीही इन्सुलिनचा वजनाशी काहीच संबंध नाही, असं म्हणणंही चूकच. संबंध आहे, पण तो सांगितला जातो तितका सरळ नाही.

जेवल्यावर नेमकं काय होतं?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी शुगर ९० आली, तर याचा अर्थ दर १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार केला की सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम साखर होते. म्हणजे एक लहान चमचा, बस. आता नाश्त्याला पोह्यांची भरलेली बशी घ्या. त्यात ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं सहज असतात आणि ती पचून बहुतेक ग्लुकोजच होतात. रक्तात एरवी असते त्याच्या दहा-बारा पट साखर तास-दोन तासांत आत येते, आणि तरीही निरोगी माणसाची शुगर दोन तासांनंतर १४० च्या खालीच असते.

हे जमवून आणतं स्वादुपिंडातून स्रवणारं इन्सुलिन. बाजार समितीच्या गोदामावर एखादा मुकादम असावा, तसं त्याचं काम. आलेलं पोतं कुठल्या गोदामात टाकायचं हे तो सांगतो. स्नायूंना सांगतो, साखर आत घ्या. यकृताला सांगतो, तू स्वतः साखर बनवून रक्तात सोडायचं थांबव आणि आलेली साठवून ठेव. आणि चरबीच्या पेशींना सांगतो, सध्या बाहेरून माल आलाय, तुमच्याकडचा बाहेर काढू नका. हे तिसरं काम इन्सुलिन फार थोड्या प्रमाणातही करतं. जेवणानंतर चरबी बाहेर पडणं जवळजवळ थांबतं, हे खरंच आहे. रात्रीच्या झोपेत इन्सुलिन खाली जातं तेव्हा तीच चरबी बाहेर पडून इंधन म्हणून वापरली जाते.

दोन वेळा जेवण्याच्या प्रचारात इन्सुलिन ‘मापात’ सुटतं, ५५ मिनिटांच्या पुढे जेवत राहिलात तर दुसरं माप सुटतं, असं सांगितलं जातं. स्वादुपिंड असं मोजून पेले ओतत नाही. रक्तातली साखर जशी चढते, आतड्यांतून जसे संदेश येतात, तसतसं इन्सुलिन कमी-जास्त होत राहतं. एका बदामाला आणि पुरणपोळीला ते सारखंच उत्तर देत नाही. शिवाय त्याला फक्त साखरच जागी करते असंही नाही. दूध, पनीर, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांनीही इन्सुलिन वाढतं, आणि या पदार्थांनी कुणी लठ्ठ झाल्याचं सहसा ऐकू येत नाही.

इन्सुलिनवर वजनाचा आळ आला कुठून?

त्याला इतिहास आहे. इन्सुलिन सापडण्याआधी टाइप १ मधुमेहाची, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही अशी मुलं खात असूनही अक्षरशः झिजून जायची. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. पुढे अशा मुलांचे उपचारांआधीचे आणि नंतरचे फोटो प्रसिद्ध झाले. आधी हाडांचा सापळा, काही महिन्यांनी गुटगुटीत पोर. आजही टाइप २ च्या, म्हणजे इन्सुलिन बनतं पण पुरेसं काम करत नाही अशा पेशंटला इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं की दोन-चार किलो वजन वाढतं, हा नेहमीचा अनुभव आहे.

यातून ‘इन्सुलिन म्हणजे लठ्ठपणा’ असा निष्कर्ष काढणं सोपं जातं. पण इंजेक्शननंतर वजन का वाढतं ते जरा पाहा. शुगर फार वाढलेली असते तेव्हा ती लघवीतून बाहेर जाते. खाल्लेल्यातला एक हिस्सा अंगी लागतच नाही. शुगर आटोक्यात आली की ही गळती थांबते, खाणं मात्र तितकंच राहतं. शिवाय कधी शुगर एकदम खाली गेली तर भूक खवळते आणि माणूस हाताला लागेल ते खातो. म्हणजे वजन वाढलं ते आधी वाया जाणारं आता अंगी लागू लागलं म्हणून, आणि खाणं वाढलं म्हणून.

मुख्य अडचण वेगळीच आहे. जेवणानंतर चार तास चरबी जळत नाही, हे चार तासांचं सत्य झालं. काट्यावर दिसतो तो आठवड्यांचा, महिन्यांचा हिशोब. जेवणानंतर चरबी आत जाते, दोन जेवणांच्या मधे आणि रात्री बाहेर पडते. दिवसाअखेर आत किती गेली वजा बाहेर किती पडली, एवढंच उरतं. आणि पोती किती आली हे मुकादम ठरवत नाही.

तूप आणि शेंगदाण्यांचं उदाहरण घ्या. दोन्हींनी शुगर जवळजवळ हलत नाही, इन्सुलिनही फारसं वाढत नाही. मग ती चरबी साठत नाही का? उत्तम साठते. खाल्लेला स्निग्ध पदार्थ पोटाच्या वळकट्यांत नेऊन ठेवायला शरीराला फार इन्सुलिन लागत नाही, रात्रंदिवस रक्तात असतं तेवढं पुरतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी असतात. टीव्हीसमोर बसून तीन मुठी कशा जातात, ते कळतसुद्धा नाही. ‘शुगर वाढत नाही म्हणजे वजन वाढत नाही’ ही समजूत कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार, करणाऱ्या बऱ्याच जणांना इथेच नडते.

तपासून पाहिलं तेव्हा काय दिसलं?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकाने हा प्रश्न धसास लावला. त्याची पद्धत साधी आणि खर्चिक होती. माणसांना वॉर्डातच ठेवायचं, प्रत्येक घास मोजायचा. २०१५ च्या अभ्यासात १९ लठ्ठ माणसांच्या आहारातून एकदा फक्त कर्बोदकं कमी केली, एकदा फक्त स्निग्ध पदार्थ, आणि दोन्ही वेळा कॅलरी तितक्याच कापल्या. कर्बोदकं कमी केली तेव्हा इन्सुलिन २२ टक्क्यांनी उतरलं आणि शरीरातली चरबी दिवसाला ५३ ग्रॅम घटली. स्निग्ध पदार्थ कमी केले तेव्हा इन्सुलिन जिथल्या तिथे राहिलं आणि चरबी घटली दिवसाला ८९ ग्रॅम! इन्सुलिन हलल्याशिवाय चरबी उतरतच नाही, हे म्हणणं त्या वॉर्डात टिकलं नाही.

२०२१ मध्ये याच गटाने २० जणांना पोटभर, हवं तेवढं खायची मुभा दिली. दोन आठवडे कर्बोदकं भरपूर आणि तेल-तूप अगदी कमी असा शाकाहार, दोन आठवडे कीटो. शाकाहारावर जेवणानंतरची शुगर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त होती, तरी लोकांनी दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या. भूक दोन्हीकडे सारखीच भागत होती. यावर दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा, की शरीराला कमी कर्बोदकांची सवय व्हायला काही आठवडे लागतात, दोन आठवड्यांचे प्रयोग पुरेसे नाहीत. डेव्हिड लुडविग यांच्यासारखे संशोधक हा मुद्दा नेटाने मांडतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास जास्त बोलका वाटतो. त्यात ६०९ माणसं होती आणि मुदत पूर्ण एक वर्षाची. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी कर्बोदकं. दोघांनाही सांगितलं होतं की साखर आणि मैदा टाळा, भाज्या वाढवा, शक्यतो घरी रांधून खा. वर्षअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचं ६ किलोंनी उतरलं. हा फरक फरक म्हणण्याजोगा नव्हता. ज्यांचं इन्सुलिन जास्त स्रवतं त्यांना कमी कर्बोदकांचा जास्त फायदा होईल, अशी संशोधकांचीच अपेक्षा होती. तीही खोटी ठरली. मात्र दोन्ही गटांत माणसामाणसांत प्रचंड तफावत होती. कुणी पंचवीस-तीस किलो उतरवले, कुणाचं वजन उलट वाढलं. मला यातून एवढंच कळतं की आहाराचं नाव काय यापेक्षा तो त्या माणसाला वर्षभर झेपला की नाही, हे महत्त्वाचं.

आता सगळ्यात मोठा पुरावा तर मेडिकलच्या दुकानात आलाय. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही वजन कमी करणारी इंजेक्शनं, जी २०२५ मध्ये भारतात अनुक्रमे वेगोव्ही आणि मौंजारो या नावांनी आली, ती मुळात मधुमेहासाठी तयार झाली. जेवणानंतर आतड्यांतून जे संप्रेरक निघतं त्याची नक्कल ती करतात, आणि त्या संप्रेरकाचं एक काम स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेणं हेच आहे. इन्सुलिनने वजन वाढत असतं तर या इंजेक्शनांनी माणसं फुगायला हवी होती. प्रत्यक्षात सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. कारण ते औषध मेंदूतली भूक शमवतं, पोट सावकाश रिकामं होऊ देतं. माणूस कमी खातो. संपलं.

मग दोन वेळच्या जेवणाने लोक बारीक कसे होतात?

होतातच, त्यात खोटं काही नाही. पण आपल्याकडच्या साध्या दिवसाचा हिशोब मांडून बघा. सकाळचा चहा-बिस्किट, अकराचा ऑफिसातला चहा, चारचा चहा आणि सोबत फरसाण किंवा वडापाव, सहाला घरी आल्यावर चिवडा, जेवणानंतर काहीतरी गोड. ‘मधे काही खायचं नाही’ या एका नियमाने हे सगळं एका फटक्यात बंद होतं. रोजच्या ४००-५०० कॅलरी अशाच गळतात. इन्सुलिनचं स्पष्टीकरण कच्चं असलं तरी नियम पक्का आहे, आणि पाळायला सोपा आहे. जेवणात काय मोजायचं हे कुणाला लक्षात राहत नाही, ‘नाही म्हणायचं’ हे राहतं. दिवेकरांच्या बाजूलाही तेच. घरचं, ताजं, वेळेवर थोडं थोडं खाल्लं की रात्रीची वखवख कमी होते आणि पाकिटातलं खाणं आपोआप सुटतं. एकाला एक झेपतं, दुसऱ्याला दुसरं.

पहिल्या आठवड्यातल्या दोन-तीन किलोंबद्दल मात्र फार हुरळून जाऊ नये. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅम साखर साठवलेली असते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. कर्बोदकं एकदम कमी केली की हा साठा रिता होतो, त्याच्याबरोबर पाणी जातं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त सोडतात, तेही जातं. काटा दोन किलो खाली, चरबी जेमतेम अर्धा किलो. मग लग्नात दोन दिवस जेवलं की दीड किलो ‘परत येतं’ आणि माणूस खचतो. तेही पाणीच असतं.

भुकेच्या बाबतीत मात्र शुगरच्या चढउतारांना बोल लावायला जागा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी हजारावर लोकांच्या दंडाला शुगर सतत मोजणारे सेन्सर लावून २०२१ मध्ये एक गोष्ट दाखवली. जेवणानंतर शुगर किती वर गेली यापेक्षा दोन-तीन तासांनी ती किती खाली घसरली, यावर पुढची भूक जास्त अवलंबून होती. ज्यांची घसरण मोठी, त्यांना लवकर भूक लागली आणि पुढच्या तीन-चार तासांत त्यांनी सरासरी ७५ कॅलरी जास्त खाल्ल्या. आकडा किरकोळ दिसतो, पण रोज आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर किरकोळ राहत नाही. मैद्याची बिस्किटं आणि गोड चहा पोटात गेल्यावर अकरा वाजता जो जीव कासावीस होतो, तो हाच.

पुण्यातली गोष्ट

भारतीयांसाठी खरी मेख इथे आहे, आणि ती पुण्यात सापडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांनी स्वतःविषयी मिश्कीलपणे लिहिलं होतं की आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासात हेच जन्मापासून दिसलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथँप्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी बरीच लहान, चरबीत मात्र त्या मानाने फारशी कमी नाहीत.

म्हणून आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा माणूस दर दुसऱ्या घरात भेटतो. कातडीखाली चरबी ठेवायला आपल्याकडे जागा कमी. ती भरली की उरलेली चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडाच्या आसपास शिरते. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. ‘साखर बनवू नकोस’ हा निरोप त्याला पोचत नाही. ‘रात्री फक्त ताक प्यायले, तरी सकाळी शुगर १३० कशी?’ असं विचारणाऱ्या काकूंना उत्तर हेच आहे. ती साखर ताकातली नाही, यकृताने रात्रभर बनवलेली आहे. मग स्वादुपिंड निरोप ओरडून सांगू लागतं, म्हणजे आणखी इन्सुलिन सोडतं. त्या जादा इन्सुलिनच्या आणि जादा खाण्याच्या जोरावर यकृत आणखी चरबी तयार करतं. हे चक्र वर्षानुवर्षं गुपचूप फिरत असतं आणि मग एक दिवस रिपोर्टमध्ये दिसतं.

इथे इन्सुलिन निर्दोष नाही. पण घटनाक्रम बघा. बहुतेकांत आधी चरबी चुकीच्या जागी साठते, तिच्यामुळे इन्सुलिन वाढतं. ‘माझं इन्सुलिन जास्त आहे म्हणून वजन उतरतच नाही’ असं पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार, असलेल्या मुलींना हमखास सांगितलं जातं आणि त्या हात टेकतात. वजन उतरतं. भूक जास्त असल्याने अवघड जातं, हे खरं. पण पाच-दहा टक्के वजन कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी नियमित होऊ लागते.

आणि चक्र उलटं फिरवता येतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ पेशंटना आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरींवर ठेवलं. सात दिवसांत यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी घटली आणि सकाळची शुगर नॉर्मलला आली. वजन तोवर थोडंच उतरलं होतं! पुढे ३०६ पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर असा आहार घेतलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह औषधांशिवाय मागे हटलेला होता, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. आपल्यातल्या सडपातळ मधुमेहींना वाटेल, मी पंधरा किलो कुठून आणू? टेलर यांनी २१ ते २७ बीएमआय असलेल्या २० जणांवरही हाच प्रयोग केला. त्यातल्या १४ जणांचा मधुमेह हटला, आणि त्यांना वजन बरंच कमी उतरवावं लागलं. असे कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असतात, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून काट्यापेक्षा कमरेची टेप आपल्याला जास्त खरं सांगते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेली, की बीएमआय २२ असला तरी शुगर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ पासून काठावर, ६.५ पासून मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के.

आता स्वयंपाकघरात

उपवासापासूनच सुरुवात करू. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण कुणी उगाच पाडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. प्रथिनं नाहीत, चोथा नाही. त्यात बटाटा, वरून शेंगदाण्याचं कूट आणि तूप. शुगरही उसळते आणि कॅलरीही भरपूर. इन्सुलिन खाली यावं म्हणून उपवास धरणाऱ्याने साबुदाण्याची खिचडी खाणं ही स्वतःचीच थट्टा आहे. खायची तर आवडते म्हणून खावी, बशीभर, सोबत दही किंवा काकडीची कोशिंबीर घेऊन.

गुळाबद्दल इतकं गोड बोललं जातं की वाईट वाटतं, पण गूळ आणि साखर शुगरच्या आणि वजनाच्या बाबतीत सख्खी भावंडं आहेत. मधही त्याच घरचा. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर. गुळाचा चहा केल्याने ती कुठे जात नाही.

भाकरी भातापेक्षा बरी, कारण तिच्यात चोथा जास्त आणि ती चावून, सावकाश खावी लागते. पण ज्वारीची म्हणून चार खाल्ल्या तर हिशोब तोच. नाचणीची भाकरी आणि नाचणीचं पातळ सत्त्व यांतही फरक आहे. बारीक दळून, पातळ शिजवून प्यायलेलं सत्त्व झटकन साखरेत उतरतं. धान्य जितकं दळलं, शिजवलं, गाळलं, तितकं ते पोटात लवकर विरघळतं.

आपल्या ताटाचा खरा दोष मात्र वेगळा आहे. आयसीएमआरच्याच २०२५ च्या अभ्यासानुसार भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. पोळी, भात, बटाट्याची भाजी, वर पातळ वरण, ज्यात डाळ शोधावी लागते. दाट आमटी, मोडाची उसळ, अंडं, मासळी, पनीर, दही यांपैकी काही प्रत्येक जेवणात नीट वाटीभर आलं की भात आपोआप कमी लागतो. शुगर कमी चढते आणि पोटही भरलेलं राहतं. वजनाच्या आणि शुगरच्या गरजा एकाच वेळी भागतात अशा फार थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक. आधी कोशिंबीर-भाजी-उसळ आणि शेवटी भात, असा क्रम ठेवला तर तेच जेवण शुगर कमी चढवतं. कॅलरी मात्र त्यात एकही कमी होत नाही.

शतपावलीचंही तसंच. स्नायू हलतात तेव्हा इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की शुगरचा चढ स्पष्टपणे कमी होतो, आणि ज्यांचं इन्सुलिन नीट चालत नाही त्यांना तर हे वरदानच आहे. पण त्या चालण्यात जळतात जेमतेम ५०-६० कॅलरी, आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. शतपावली शुगरसाठी करावी, वजनासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, वजनं उचलणं यांनी स्नायू वाढवलेले जास्त उपयोगी, कारण साखर ठेवायचं सगळ्यात मोठं गोदाम तेच, आणि जन्मापासून आपल्याकडे तेच लहान आहे.

सध्या मधुमेह नसलेले लोकही दंडाला सेन्सर लावून मोबाइलवर शुगरचा आलेख बघत बसतात. आंबा खाल्ल्यावर १४५ झाली म्हणून घाबरतात. निरोगी माणसाची शुगर जेवणानंतर चढते आणि उतरते, ती त्यासाठीच असते. आलेख सपाट ठेवायच्या नादात फळं सोडून चीजचे तुकडे खाणाऱ्याचा आलेख देखणा दिसेल, कंबर नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून एकदम दोन वेळच्या जेवणावर येऊ नका. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. खाणं कमी आणि औषध तेवढंच, याने शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची आणि कमीच असेल तर परत घ्यायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. आणि लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, त्या चालू असताना कडक उपास किंवा कीटो केल्यास शुगर नॉर्मल दिसत असूनही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी त्याची लक्षणं असतात, आणि ग्लुकोमीटरवर १६० बघून ‘पित्त झालं असेल’ म्हणत घरीच थांबलेली माणसं शेवटी आयसीयूत पोचतात.